राखविटांची एकशे चार टक्के प्रगती

सन १९८१-८२ या वर्षात वैनगंगा तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या राखविटा यंत्राचे काम एकशे चार टक्के पूर्ण झाले.

हे वाक्य आपण वाचलेले नाही. निदान वाचले असे कुठे बोलू नका. ज्या पानावर ते छापले होते ते पान आता नाही, ते पान ज्या अहवालात होते तो अहवाल सादर झालेला नाही, आणि तो ज्याने लिहिला त्या मार्तंड गिऱ्हेपुंजेला विचाराल तर असे काही झाल्याची कार्यालयात नोंद नाही, असे तो सांगेल. तेव्हा जे झालेच नाही ते कसकसे होत गेले, एवढेच सांगायचे आहे.

मार्तंड कुलसचिवांच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक होता. वय चोवीस, टंकलेखन चाळीस शब्द, सायकल सेकंडहँड. वार्षिक अहवालाचे काम त्याच्याकडे आले ते त्याच्या लेखनगुणामुळे नव्हे. आधी ते काम करणारे मनोहरराव निवृत्त होऊन खाप्याला आपल्या घरी गेले आणि त्यांची खुर्ची मार्तंडच्या खुर्चीपेक्षा कमी डुगडुगत होती, म्हणून मार्तंड तिच्यावर जाऊन बसला. खुर्चीबरोबर अहवाल आला.

विद्यापीठात अहवाल लिहिण्याची एक पद्धत होती. डाव्या हाताला मागच्या वर्षीचा अहवाल ठेवायचा, उजव्या हाताला कोरा कागद. डावीकडे आकडा दिसला की उजवीकडे त्याहून थोडा मोठा लिहायचा. डावीकडे ‘उल्लेखनीय’ असेल तर उजवीकडे ‘विशेष उल्लेखनीय’ आणि डावीकडे ‘विशेष’ असेल तर यंदा पुन्हा साधे ‘उल्लेखनीय’. म्हणजे दर वर्षाआड मराठी भाषेलाही जरा दम खायला मिळे. प्रगती, अनुदान आणि विद्यार्थ्यांची कामगिरी, अशी तीन प्रकरणे. कामगिरीत कबड्डीचा संघ दरवर्षी तिसरा येई. तो तिसऱ्याच्या खाली कधी गेला नाही, कारण स्पर्धेत संघच तीन असत.

मार्तंडने दोन दिवसांत दहा पाने सुरळीत प्रगत केली. अकराव्या पानावर त्याचे पेन थांबले.

अकराव्या पानावर राखविटा यंत्र होते. कोराडीच्या वीज केंद्रातून राख निघते, त्या राखेच्या विटा पाडणारे यंत्र विद्यापीठाने बनवायचे, असा तो प्रकल्प. त्याची प्रगती मनोहररावांनी मोठ्या मायेने वाढवली होती. पहिल्या वर्षी वीस टक्के. दुसरे वर्ष आणीबाणीचे, तेव्हा सगळेच वेळेवर होत होते, म्हणून एकदम शेहेचाळीस. मग त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर, एकोणनव्वद, शहाण्णव. आणि निवृत्तीच्या वर्षी, हात जड झाल्यासारखे, नव्याण्णव.

यंदा शंभर लिहून माणूस मोकळा झाला असता. पण त्याच आठवड्यात मुंबईच्या तंत्रशिक्षण अनुदान मंडळाचे परिपत्रक आले होते. ज्या प्रकल्पाची प्रगती वर्षभरात पाच टक्क्यांहून कमी झाली, तो निष्क्रिय समजून बंद करावा. जो प्रकल्प पूर्ण झाला, तोही बंद करावा. दोन्ही बाबतीत त्यावरील रोजंदारी कर्मचाऱ्यांना त्वरित कमी करावे.

नव्याण्णवाचे शंभर केले तर प्रगती एकच टक्का, म्हणून बंद. आणि काम पूर्ण, म्हणून परत बंद. एकच प्रकल्प दोनदा बंद करण्याची तरतूद परिपत्रकात नव्हती, पण एकदा पुरेशी होती.

मार्तंड कुलसचिव वामनराव देवपुजारी यांच्याकडे गेला. वामनरावांच्या खोलीत वाळ्याचा कूलर होता, त्यामुळे उन्हाळ्यात लोक त्यांच्याकडे शंका घेऊन वारंवार येत, आणि वामनरावांनी त्याचा अर्थ आपला सल्ला मोलाचा आहे असा लावला होता.

“साहेब, मागचे नव्याण्णव जरा कमी करता येतील का? नव्वदवर आणले तर यंदा पंचाण्णव लिहू.”

“गिऱ्हेपुंजे, मागचा अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवलेला आहे,” वामनराव म्हणाले. “पटलावर गेलेले नव्याण्णव आता ब्रह्मदेव आला तरी नव्याण्णव.”

“मग यंदा काय लिहू?”

“जे असेल ते लिहा.”

हे वाक्य वामनराव गेली वीस वर्षे सगळ्यांना म्हणत आणि त्याचा अर्थ ‘आता जा’ असा असतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. मार्तंड नवा होता. जे असेल ते लिहायचे तर आधी काय आहे ते बघावे लागेल, असे त्याच्या मनात आले. सात वर्षांत ही चूक विद्यापीठात कोणी केली नव्हती. तो उठला आणि यंत्र बघायला गेला.

वर्कशॉपच्या मागे, बाभळीच्या आडोशाला, एक पत्र्याची शेड होती. शेडमध्ये एक लोखंडी सांगाडा, सांगाड्यावर एक चाक, चाकाला जोडलेली एक मोटर आणि मोटरवर एक मांजर होते. चाक मार्तंडला ओळखीचे वाटले. जवळ जाऊन पाहिले तर तो रसवंतीचा चरक होता. त्याला घुंगरूसुद्धा होते.

शेडच्या बाहेर चाळिशीतला एक माणूस धोतर गुडघ्यावर खोचून राखेचा गारा तुडवत होता आणि त्याची बायको लाकडी साच्यात गारा भरून विटा पाडत होती. माणसाचे नाव रामाजी, बायकोचे पंचफुला. यंत्राचा रोजंदारीवरचा मदतनीस म्हणून सात वर्षांपूर्वी रामाजीला लावले होते.

“यंत्र कुठं आहे?” मार्तंडने विचारले.

“हे काय जी, तुमच्या मांगं,” रामाजी म्हणाला. “मांजर उठवू का?”

“चालते का ते?”

“एक डाव चाललं होतं. तवा साऱ्या वर्कशॉपची बत्ती गेली. मंग सायेब लोक म्हणाले, राहू दे रामाजी, प्रगती झाली तेवढी बस आहे.”

“मंग तू हे काय करून राहिला?”

“विटा करून राहिलो ना जी. मले विटा कराले लावलं होतं. यंत्र नाही करत, तं कोणी तं कराव.”

मार्तंड एका विटांच्या ढिगावर बसला. मग ढीग कशाचा आहे ते लक्षात येऊन उठला. मग दमल्यामुळे परत बसला. त्या दुपारी त्याला कळले की विद्यापीठाचा स्कूटर स्टँड, वसतिगृहाच्या मागची भिंत आणि खुद्द वामनरावांच्या कूलरखालचा ओटा, हे सगळे रामाजीच्या विटांचे होते. सात वर्षांत विद्यापीठात ज्या भिंती उभ्या राहिल्या त्या कुठून आल्या, हे कोणी विचारले नव्हते. भिंत उभी राहिली की लोक तिच्यावर सूचना चिकटवतात. ती आली कुठून असे विचारत नाहीत.

“कोराडीले माहं साडेतीन एकर वावर होतं,” रामाजी पाय न थांबवता म्हणाला. “ते वीज केंद्रात गेलं. आता राखेचा ट्रक येते तिकडून. म्हणजे माती माह्याच घरची समजा. फक्त भाजून येते.”

पंचफुलाने हात पुसून पितळी लोट्यात पाणी दिले. “बाबू, तुमी हापिसातले ना,” ती म्हणाली. “यायची नोकरी कायमची कवा होईन वं माय, असं मी रोज देवाले इचारतो. आता तुमालेच इचारतो.”

मार्तंडने लोटा तसाच खाली ठेवला. रोजंदारीवरून कमी करण्याचा आदेश टाइप करण्याचे काम त्याचेच होते. छापील नमुना त्याच्या खणात होता. त्यात फक्त नाव भरायची जागा रिकामी होती, आणि ती जागा, त्याला आत्ता आठवले, ‘रामाजी’ या तीन अक्षरांना अगदी बेताची होती.

तेवढ्यात वर्कशॉपकडून एक मुलगी हातात वही आणि वीट घेऊन आली. ही लतिका रामटेके, इंदोरा वस्तीतून सायकलने येणारी, शेवटच्या वर्षाला यंत्र शाखेतली एकुलती एक विद्यार्थिनी. या यंत्रावर दरवर्षी चार मुले प्रकल्प-निबंध लिहीत, आणि निबंध लिहिण्याची पद्धत अहवालासारखीच होती, फक्त डावीकडे मागच्या वर्षीच्या मुलाचा निबंध असे. लतिकाला डावीकडचा निबंध कोणी दिला नाही, म्हणून तिला शेडमध्ये यावे लागले.

“रामाजीभाऊ, तुमची वीट प्रयोगशाळेत दाबून पाहिली,” ती म्हणाली. “भट्टीची वीट फुटली तेव्हा तुमची नुसती बसली होती. यात घालता तरी काय?”

“राख, चुना. अन् बेलाचा गर, थोडा गूळ. आमच्या आज्यानं विहीर बांधली होती तशी.”

लतिकाने ते लिहून घेतले. तिने यंत्राची आकृती काढली होती ती मार्तंडने पाहिली. आकृतीत बाण काढून भागांना नावे दिली होती. ‘अ’ म्हणजे साचा, ‘ब’ म्हणजे गाऱ्याचा खड्डा, आणि ‘क’ म्हणजे रामाजी. कंसात ‘दोन पायांचा, स्वयंचलित, विजेची गरज नाही.’

“चरक कुठे आहे यात?” मार्तंडने विचारले.

“तो विटा करत नाही,” लतिका म्हणाली.

मार्तंड त्या दिवशी घरी आला आणि जेवला नाही. नागपूरच्या महाल भागात यमुताईंच्या घरी तो भाड्याने राहत असे. यमुताईंचे मत असे की भाडेकरू जेवला नाही तर दोष घरमालकिणीच्या हाताला लागतो, मग स्वयंपाक त्याने स्वतः का केलेला असेना.

“काहून गा मार्तंडा, ताट तसंच आहे.”

मार्तंडने सगळे सांगितले. यमुताईंनी शांतपणे ऐकले आणि एकाच ठिकाणी अडवले. “नव्याण्णवात पाच मिळवले तं किती होते?”

“एकशे चार.”

“मंग लिह्य ना एकशे चार.”

“ताई, शंभराच्या वर टक्के नसतात.”

“तुले कोणं सांगतलं? मी पातेल्यात दूध ठेवतो, ते पातेलंभरच असते. उतू जाते का नाही?”

पण दुधाच्या आधारावर सरकारी कागद काढावा असे मार्तंडला वाटेना. म्हणून रविवारी तो बसने खाप्याला मनोहररावांकडे गेला. मनोहरराव अंगणात कन्हान नदीच्या वाळूवर खाट टाकून पडले होते. निवृत्तीनंतर त्यांची प्रकृती उल्लेखनीय होती.

“काका, ते यंत्र तुम्ही पाह्यलं होतं का?”

“भैताड आहेस का गा तू?” मनोहरराव उठून बसले. “पाह्यलं असतं तं लिहिता आलं असतं का? मी एकदा कबड्डीचा सामना पाहाले गेलो होतो. दोन वर्षं मले त्या पोट्ट्यांवर एक ओळ सुचली नाही.”

“पण आता रामाजी कमी होईन ना.”

मनोहररावांनी उशी ओढून मांडीवर घेतली. मग म्हणाले, “हे पाय बाबू. शंभर लिहिले तं तो गेला. नव्याण्णव लिहिले तं तो गेला. उरलं काय ते तूच पाय. अन् एक ध्यानात ठेव, अकरावं पान आजवर कोणी वाचलं नाही. बाराव्या पानावर कुलगुरूंचा फोटो असते, लोक तिथंच उघडतात.”

सोमवारी मार्तंडने लिहिले : ‘राखविटा यंत्राचे काम परिपत्रकानुसार पाच टक्क्यांनी प्रगत होऊन एकशे चार टक्के पूर्ण झाले असून पुढील काम वेगाने चालू आहे.’ स्टेन्सिल कापली. प्रती निघाल्या. वामनरावांनी सही केली. ते फक्त शेवटचे पान वाचत, कारण त्यावर त्यांचे नाव असे. त्यांनी नावातला एक टंकदोष दुरुस्त केला आणि अहवाल मुंबईला गेला.

महिन्याभराने अभिनंदनाचे पत्र आले.

अनुदान मंडळाने राज्यातल्या सगळ्या तंत्रसंस्थांच्या प्रगतीची उतरत्या क्रमाने यादी केली होती आणि वैनगंगा विद्यापीठ सगळ्यात वर होते. दुसऱ्या क्रमांकाची संस्था शंभरावरच अडकली होती. मंडळाचे उपसचिव श्री. श्रीधर ओगले बारा मे रोजी प्रत्यक्ष भेट देऊन ही जादा प्रगती पाहणार होते, जेणेकरून इतर संस्थांना तिचा कित्ता गिरवता यावा.

वामनरावांनी मार्तंडला बोलावले. कूलर चालू असूनही त्यांच्या कपाळावर घाम होता.

“गिऱ्हेपुंजे, हे काय आहे?”

“जे होतं ते लिहिलं, साहेब.”

“ते शंभर टक्के कुठे आहेत ते राहू द्या. शंभर कुठेही असू शकतात. हे वरचे चार कुठे आहेत?”

चार टक्के शोधायला बैठक बसली. वित्त अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले की पगाराची उचल घेतो तशी पुढच्या वर्षाच्या प्रगतीची ही आगाऊ उचल दाखवावी आणि सोयीच्या हप्त्यांनी वळती करावी. वर्कशॉपच्या अधीक्षकांनी चरकाला चांदीचा रंग मारावा असे सुचवले. दोन्ही सूचना मान्य झाल्या. रंग मारताना मांजर उठले नाही, त्यामुळे मोटरही रंगली आणि मांजराची एक बाजूही. स्वागताला फलक रंगवला गेला. त्यावर ‘शतप्रतिशत’ असे लिहून झाल्यावर पेंटरने पुढचे चार कसे लिहायचे ते विचारले, तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवण्यात आले.

मार्तंड मधल्या सुट्टीत शेडकडे जाऊन आला. रामाजीला त्याने सगळे खरे सांगितले.

“मणजे सायेब आले अन् त्यायनं पाह्यलं, तं मी गेलो,” रामाजी म्हणाला.

“हाव.”

“अन् पाह्यलं नाही, तं?”

“मंग पुढच्या वर्षी.”

रामाजीने पायाचा गारा झटकला. “बाबू, तुमी कायले जीव जाळता. मले विटा येतात. पण पंचफुलाले सांगू नका बरं. ती उपास वाढवन.”

बारा मेला पारा पंचेचाळीसवर होता. ओगलेसाहेब मुंबईहून कोट घालून आले होते, आणि तो काढावा असे त्यांना कोणी सुचवण्याआधीच ते त्या कोटाबरोबर शिजून एकजीव झाले होते. बोलणे कमी, चष्मा जाड, हातात अकरावे पान. त्यांना पन्हे दिले, फलक दाखवला आणि शेडमध्ये नेले. वामनरावांनी प्रास्ताविक सुरू केले. अधीक्षकांनी बटण दाबले.

चरकाने एक फेरा घेतला. घुंगरू वाजले. मांजर, निम्मे चांदीचे, ओगलेसाहेबांच्या पायांमधून बाहेर गेले. मग सगळीकडची वीज गेली. या वेळी मात्र दोष मोटरचा नव्हता. बाराची लोडशेडिंगची वेळ झाली होती. कोराडीहून वीज साऱ्या महाराष्ट्राला जाई. वाटेत नागपूर लागत असे, पण ती थांबत नसे.

वामनराव प्रास्ताविकात ‘गतिमान’ या शब्दापाशी थांबले होते.

त्या शांततेत बाहेरून चप्‌ चप्‌ असा आवाज येत होता. ओगलेसाहेब आवाजाच्या दिशेने गेले. रामाजी गारा तुडवत होता. त्याने पाय थांबवून रामराम केला आणि परत तुडवायला लागला. पंचफुलाने साचा उपडा केला. वीट पडली. साचा उपडा केला. वीट पडली.

“हे कोण?” ओगलेसाहेबांनी विचारले.

वामनराव खाकरले आणि आयुष्यातले एकमेव तांत्रिक विधान करून गेले. “यंत्राचा विजेशिवाय चालणारा भाग, साहेब. तेच ते चार टक्के.”

“चार नाही सर,” मागून लतिका म्हणाली. “सगळेच.” आणि तिने आपली वही उघडून त्यांच्या हातात दिली.

ओगलेसाहेबांनी वही उभ्याउभ्या वाचली. आकृती पाहिली. ‘क’ पाहिला, मग रामाजीकडे पाहिले, मग परत ‘क’ पाहिला. “एवढा भार खरंच घेते ही?”

“खांद्याच्या उंचीवरून टाकून बघा सर. फुटणार नाही.”

ओगलेसाहेबांनी वाळलेली वीट उचलली. हात घामेजलेला होता. वीट खांद्याच्या उंचीला पोचली, पण तिथून तिने स्वतंत्र निर्णय घेतला आणि ती मार्तंडच्या डाव्या पायावर पडली.

वीट शाबूत राहिली. अंगठा नाही.

मार्तंड ओरडला नाही. कनिष्ठ लिपिकाने उपसचिवांसमोर ओरडण्याबाबत सेवानियमांत काय आहे ते त्याला आठवेना, आणि आठवेपर्यंत ओरडण्याची वेळ निघून गेली. तो फक्त हळूहळू खाली बसला. पंचफुलाने त्याच्या पायावर पाणी ओतले. रामाजीने आधी वीट उचलली, कोपरे तपासले, मग अंगठा तपासला. “वीट चांगली आहे,” तो म्हणाला. “याले हळद लावा लागन.”

मंडळी पन्ह्याच्या दुसऱ्या पेल्यासाठी परतली. ओगलेसाहेब मात्र मार्तंडशेजारी विटांच्या ढिगावर बसले. कोट काढून त्यांनी मांडीवर घेतला आणि बऱ्याच वर्षांनी वारा लागल्यासारखे डोळे मिटले.

“हे एकशे चार तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“माहीत होतं चूक आहे ते?”

“नव्याण्णवात पाच मिळवले साहेब. बेरीज बरोबर आहे.”

“मी जे पाहिलं ते लिहिलं तर काय होईल सांगतो,” ओगलेसाहेब म्हणाले. “यंत्र नाही, म्हणजे प्रकल्प सुरूच झाला नाही, म्हणून बंद. शंभराच्या वर गेला, म्हणजे संपला, म्हणून बंद. हा माणूस उद्या घरी.”

“आणि हाताने पाडलेल्या विटा म्हणून नवा प्रकल्प केला तर?”

“अनुदान यंत्राला आहे. पायांना अनुदानाचं शीर्ष नाही.”

मार्तंड अंगठ्याकडे बघत बसला. तो निळा होत चालला होता आणि त्याची प्रगती पाच टक्क्यांहून निश्चित जास्त होती.

“मी तुमचा अहवाल सदोष म्हणून दुरुस्तीला परत पाठवतो,” ओगलेसाहेब म्हणाले. “म्हणजे तो सादर झालेलाच नाही. पण दुरुस्ती करून पाठवलात की आहे तिथेच याल. तेव्हा पाठवू नका. सोबत एक मागणी करा.”

“कसली मागणी?”

“कसलीही. पण नीट ऐका. मागणी मान्य झाली की फाइल बंद. अमान्य झाली की फाइल बंद. मागणी विचाराधीन असली तर मात्र तिच्यातल्या कोणालाही हात लावता येत नाही, हा आमचाच नियम आहे. आमच्याकडे एका संस्थेने सत्तेचाळीस साली घड्याळाचा टॉवर मागितला होता. तो अजून विचाराधीन आहे, आणि त्याचा पहारेकरी गेल्या वर्षी पेन्शनीत गेला.” त्यांनी चष्मा पुसला. “अशी मागणी करा की ती कोणालाच मंजूर करता येऊ नये. आणि नामंजूर करायला आधी कोणाला तरी विचारावं लागावं, पण विचारायचं कोणाला तेच कळू नये.”

ते उठले. जाताना त्यांनी एक वीट मागितली. रामाजीने दोन दिल्या आणि एकीला गाऱ्याचा हात लागला म्हणून धोतराने पुसून दिली.

मार्तंड तीन दिवस अंगठ्याला हळदीची पट्टी बांधून, डावी चप्पल हातात घेऊन कार्यालयात येत राहिला. चौथ्या दिवशी त्याने डावीकडे मागचा अहवाल ठेवला नाही. टाइपरायटरला कोरा कागद लावला, शेडमध्ये जाऊन रामाजीला वय विचारून आला आणि टाइप झालेले पत्र वाचून दाखवायला परत गेला.

“मणजे मी अठ्ठावन्नचा होईन तवा यंत्र एकशे चौऱ्याऐंशी टक्के होईन?” रामाजीने विचारले.

“हिशेबाने तेवढंच येते.”

“मंग त्याच्या गुडघ्याले तेल लागन जी.”

पत्र वामनरावांच्या सहीने गेले. शेवटचे पान तेवढे त्यांनी वाचले, आणि ते एकाच पानाचे असल्यामुळे नाइलाजाने पूर्ण वाचले. वाचून ते कूलरखालच्या ओट्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी सही केली. पत्र असे :

‘प्रति, मा. सचिव, तंत्रशिक्षण अनुदान मंडळ, मुंबई.

विषय : टक्केवारीची कमाल मर्यादा वाढवून मिळण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, या विद्यापीठाचे राखविटा यंत्र मागील वर्षअखेर नव्याण्णव टक्के पूर्ण असून मंडळाच्या परिपत्रकानुसार त्याने प्रतिवर्षी किमान पाच टक्के प्रगती करणे बंधनकारक आहे. यंत्राचा मुख्य भाग श्री. रामाजी हे आज वयाने एक्केचाळीस वर्षांचे असून त्यांच्या निवृत्तीस सतरा वर्षे अवकाश आहे. सतरा वर्षांची प्रगती पंच्याऐंशी टक्के होते. तथापि शंभर टक्के ही सध्याची मर्यादा केव्हा, कोणी व कोणत्या आदेशान्वये घालून दिली याचा शोध घेता या कार्यालयात तसा कोणताही कागद आढळून येत नाही.

सबब विनंती की, सदर मर्यादा एकशे चौऱ्याऐंशी टक्क्यांपर्यंत वाढवून मिळावी. हे मंडळाच्या अधिकारकक्षेत नसल्यास, ज्यांनी ती घालून दिली त्यांच्याकडे हे पत्र योग्य मार्गाने पुढे पाठवावे आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत श्री. रामाजी यांना आहे त्या स्थितीत चालू ठेवण्यास अनुमती असावी.’